वरची मूठ

श्रीरामपुरात मेन रोडच्या मागच्या अंगाला, शाळेच्या वाटेवर, अण्णांचं दुकान होतं. म्हणायला स्टेशनरीचं, पण तिथं वह्या-पेनांबरोबर गोळ्या-बिस्किटं, संक्रांतीला पतंग, श्रावणात राख्या आणि परीक्षेच्या दिवसांत लिहायची पॅडंही मिळत. अण्णांचे वडील याच जागेत धान्य विकायचे. पायली-अधोलीची मापं जाऊन किलो आले, धान्य जाऊन वह्या आल्या, पण वडिलांची एक रीत अण्णांनी सोडली नव्हती. माल दिला, पैसे गल्ल्यात पडले, गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं, की अण्णा हाक मारायचे, "थांब जरा." आणि हातावर वर काहीतरी ठेवायचे.

वडील ज्वारी मोजून झाली की वर एक मूठ टाकत. अण्णा कधी लिमलेटची गोळी देत, कधी वहीला घालायचा खाकी कागद, कधी खोडरबर. आज काय मिळेल हे कुणाला ठाऊक नसे आणि उद्या मिळेलच याचीही खात्री नसे. एखादं चलाख पोरगं आधीच विचारायचं, "अण्णा, वर काय?" त्याला त्या दिवशी काही मिळत नसे.

"का हो अण्णा?"

"मागितलंस की तो सौदा झाला. सौद्याचं माप तुला पुरं दिलंय. वरची मूठ माझ्या मनाची."

पोरं हिरमुसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. वह्या चांगल्या होत्या आणि भाव वाजवी होता.

या दुकानाच्या माळ्यावर एक खोकं पडून होतं. 1987 साली क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर आला, भारत आणि पाकिस्तानात भरला. त्या सुमाराला बबलगमच्या पुडीत खेळाडूंची छोटी कार्डं निघत. बिग फनचं नाव तेव्हाच्या पोरांच्या तोंडी अजून आहे. कार्डावर एकीकडे खेळाडू आणि दुसरीकडे धावा किंवा विकेट छापलेल्या. त्या जमवत जायचं आणि बक्षिसाची स्वप्नं बघायची. अण्णांनीही हौसेनं असल्या पुड्यांचं एक मोठं खोकं घेतलं. ते निम्मं संपलं असेल-नसेल, तोच शाळेचे हेडमास्तर दुकानात आले. "अण्णा, बाकाखाली हात घालायची सोय राहिली नाही. सगळीकडे चिकटवून ठेवलंय." अण्णांनी त्याच संध्याकाळी खोकं सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलं. एजंट पुन्हा फिरकला नाही, म्हणून ते परतही गेलं नाही. पुढं त्यावर जुने हिशेबाचे कागद पडले, कागदांवर तुटकी खुर्ची पडली आणि खोकं विसरलं गेलं.

छत्तीस वर्षं गेली. 2023 साली विश्वचषक पुन्हा भारतात आला. त्या दिवाळीत अण्णांचा नातू बंटी पुण्याची नोकरी सुटल्यामुळे घरी परतला होता. अण्णांचे गुडघे दुखत होते, बंटीचे हात रिकामे होते. दुकान आपोआप त्याच्याकडे आलं. सफाईसाठी तो माळ्यावर चढला आणि सुतळी बांधलेलं खोकं खाली आलं.

उंदरांनी आणि कसरीनं बरंच खाल्लं होतं. तरी कोपऱ्यात पत्र्याच्या डब्याआड छत्तीस पुड्या शाबूत सापडल्या. वेष्टनाचा रंग उडालेला, पण एकही उघडलेली नाही. बंटी त्या कचऱ्यात टाकणारच होता. मग त्यानं सवयीनं मोबाइल काढला. तासाभरानं तो जेवणाच्या पाटावरही मोबाइलच बघत होता.

"अण्णा, तिकडं अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांना काय भाव येतो माहीत आहे? मिकी मँटल म्हणून एक खेळाडू होता. त्याचं 1952 सालचं, टॉप्स कंपनीचं एक कार्ड गेल्या वर्षी 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. एक कार्ड!"

"सोन्याचं होतं का?"

"पुठ्ठ्याचं. तेव्हा ती कार्डं खपलीच नाहीत. गोदाम अडलं म्हणून 1960 साली कंपनीच्या माणसानं उरलेली खोकी बोटीत घालून समुद्रात बुडवली."

अण्णांनी भाकरी मोडली. "म्हणजे ज्यांनी ठेवली, त्यांनी पैशासाठी ठेवली नव्हती."

"नाही. पोरांनी आवडली म्हणून ठेवलेली. पुढं मोठ्या माणसांना भाव कळला आणि त्यांनी पेट्या भरून कार्डं साठवायला सुरुवात केली. मग कंपन्यांनीही बेसुमार छापली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची ती कार्डं आज तिकडं रद्दीत जमा आहेत."

"बघ बाबा," अण्णा म्हणाले आणि आमटी ओतून घेतली.

बंटीला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं झपाटलं होतं. नव्या कार्डांच्या पेटीत एखादं जुनं, न उघडलेलं पाकीट गुपचूप टाकायचं, अशी तिकडची चाल त्यानं वाचली होती. टॉप्सनं स्वतः 1991 साली, आपल्या बेसबॉल कार्डांना चाळीस वर्षं झाली म्हणून, नव्या पाकिटांमधून जुनी खरी कार्डं वाटली होती. नवं घेणाऱ्याला अचानक आजोबांच्या काळातलं काही हाती लागायचं. बंटीच्या दुकानातही क्रिकेटच्या कार्डांची पाकिटं होतीच. वीस रुपयाला एक, पेटीत पन्नास.

अण्णांना कल्पना आवडली. "दे की पोरांना. आपल्या काळची चित्रं बघतील. आतला गम तेवढा तोंडात घालू देऊ नकोस, दात तुटतील. आणि देणार ते वरची मूठ म्हणून दे. आधी बोलू नकोस."

तीन पुड्या तशा गेल्या. तिसरी पुडी एसटीतल्या एका कंडक्टरच्या मुलीला मिळाली. तिनं कार्डांचं एक पाकीट घेतलं, वीसची नोट दिली, पायरी उतरली आणि बंटीनं मागून हाक मारली. पुडी उघडली तर गम दगडासारखा वाळलेला आणि त्याला चिकटून एक कार्ड. खेळाडू तिच्या ओळखीचा नव्हता. घरी जाऊन तिनं वडिलांना दाखवलं. ड्यूटीवरून आलेला तो माणूस बूट काढायचा विसरला.

"अगं, हा चेतन शर्मा! नागपूरची मॅच. 31 ऑक्टोबर 1987. न्यूझीलंडच्या तिघांच्या ओळीनं तीन चेंडूंवर दांड्या उडवल्या. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक! आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो. आणि त्याच मॅचमध्ये गावसकरनं वनडेतलं त्याचं एकुलतं एक शतक मारलं. अंगात ताप होता त्याच्या."

"मग हा एवढा मोठा होता तर याचं नाव मला का माहीत नाही?"

"कारण लोकांनी त्याचा एकच चेंडू लक्षात ठेवला. आदल्या वर्षी शारजात शेवटच्या चेंडूवर मियाँदादनं याला षटकार मारला होता." कंडक्टर हसला. "माणसाचा हिशेब एका चेंडूवर करू नये, बाळा."

त्या रात्री बापलेक उशिरापर्यंत बोलत बसले. दुसऱ्या दिवशी मुलीनं वर्गात चेतन शर्मा सांगितला. चार दिवसांत निम्म्या शाळेला कळलं की अण्णांच्या दुकानात कधीकधी वर जुनी पुडी मिळते. खप वाढला. पोरं कार्डं घ्यायची, ओट्यावर बसून अदलाबदल करायची, एकमेकांना धावा-विकेटांचे आकडे विचारायची. पुडी मिळाली तर आनंद, नाही मिळाली तर हातात कार्डं होतीच.

बंटीनं खपाचा आकडा बघितला आणि त्याच्या मनात आलं, की न सांगता एवढं होतं, तर सांगून किती होईल?

त्यानं फ्लेक्स छापून आणला. 'नव्या पाकिटात जुना खजिना! 1987ची अस्सल पुडी! आज नशीब तुमचं?' मोबाइलवर रील टाकलं. पुड्या आता नव्या पाकिटांच्या पेटीत जाऊ लागल्या. नवं पाकीट आणि काहींत आणखी एक पुडी, असं प्रत्येक बाहेरून खाकी कागदात सारखंच गुंडाळलेलं. पन्नासांच्या पेटीत एक पुडी. आणि वीसचं पाकीट तीसला. स्वतःसाठी त्यानं एक पुडी बाजूला ठेवली, बाकी बत्तीस.

अण्णा संध्याकाळी दुकानात आले आणि चष्मा सावरून फ्लेक्स वाचत उभे राहिले.

"हे कशाला?"

"अण्णा, तुमचीच रीत. वरची मूठ. फक्त मोठ्यानं सांगतोय."

अण्णा काही बोलले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले आणि बघत राहिले.

पहिल्या आठवड्यात झुंबड उडाली. राहात्याहून, नेवाशाहून पोरं यायला लागली. कोपरगावहून एक मोठा गडी मोटारसायकलवर आला आणि दोन अख्ख्या पेट्या घेऊन गेला. बंटीचा गल्ला भरला. पण ओट्यावरचं चित्र पालटलं होतं. पूर्वी पोरं पाकीट सावकाश उघडायची, एकेक कार्ड वाचायची. आता खाकी कागद टराटरा फाटायचा, बोटं आत चाचपायची, पुडी नाही म्हटलं की हातातली नवी कार्डं पायरीवर भिरकावली जायची. त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. ज्यांच्या नावानं आदल्या महिन्यापर्यंत पोरं भांडायची, ते खेळाडू गटाराच्या कडेला पालथे पडलेले. कुणाला पुडी निघालीच, तर तीही न उघडता पुढं जायची. कारण "फोडली की भाव पडतो" हे रीलनं शिकवलं होतं. चेतन शर्मा कोण, हे आता कुणी घरी विचारत नव्हतं.

अण्णा रोज दुकान बंद व्हायच्या वेळी झाडू घेत आणि पायरी झाडत. झाडताना कार्डं वेगळी काढत, फडक्यानं पुसत आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यांत भरत. बंटी म्हणायचा, "अण्णा, कचरा तो. कशाला वाकताय?" अण्णा म्हणायचे, "माल आपल्या दुकानचा आहे."

एके दिवशी शेजारचे वकील लेकीसाठी कंपासपेटी घ्यायला आले. फ्लेक्स वाचून त्यांनी भुवया उंचावल्या. "बंटी, हे काढ बाबा. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा आहे ना, त्यात माल खपवण्यासाठी लॉटरी किंवा नशिबाचा खेळ लावणं हे अनुचित व्यापारी प्रथेत धरलंय."

"काका, हे बक्षीस थोडंच आहे? वर देतोय आम्ही."

"वर देतोस, तर मग वीसचं तीस कसं झालं?"

वकील गेले. अण्णांनी ओट्यावरूनच हिशेब केला. "पन्नास पाकिटं, तीस रुपयांनी. म्हणजे एका पुडीमागं पोरांचे दीड हजार. त्या पुडीला आम्ही तेव्हा चिल्लर मोजली होती. रामनवमीच्या यात्रेत रिंगा टाकायचा खेळ असतो, बंटी. साबणावर रिंग पडली तर साबण मिळतो. पण त्या माणसाला सगळे रिंगवालाच म्हणतात आणि तोही स्वतःला तेच म्हणवतो. आपल्या पाटीवर दुकान असं लिहिलंय."

बंटीला राग आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यांना धंद्यातलं काय कळतं. त्यानं दुसऱ्या दिवशी आणखी पेट्या मागवल्या.

गल्लीच्या तोंडाशी एका माणसाची रसवंती होती. त्याचा मुलगा सहावीत होता आणि त्याच्याकडे अख्ख्या शाळेत कुणाकडे नव्हतं असं एक कार्ड होतं. निवृत्त झालेल्या दिग्गजांच्या मालिकेतलं जहीर खानचं. हे कार्ड इतर गावात नुसतं कार्ड असेल. श्रीरामपुरात त्याला मान होता. जहीरचा जन्म याच गावातला. इथल्या मातीतून गेलेल्या पोरानं कसोटीत 311 बळी घेतले आणि 2011चा विश्वचषक भारतानं जिंकला तेव्हा 21 बळी घेऊन तो आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वांत पुढं होता. हे सगळं त्या मुलाला पाठ होतं. कार्ड तो भूगोलाच्या वहीत ठेवायचा आणि रसवंतीवर आलेल्या गिऱ्हाइकाला, तो ओळखीचा असो वा नसो, दाखवायचा.

फ्लेक्स लागल्यापासून त्यानं खाऊचे पैसे संपवले, मग मामानं दिलेले संपवले. पुडी निघाली नाही. नगरहून आलेल्या एका माणसानं त्याच्या वहीतलं कार्ड बघितलं आणि म्हणाला, "शंभर देतो." मुलानं रात्रभर विचार केला. शंभरात तीन पाकिटं येतात. तीनपैकी एकात पुडी निघालीच, तर रीलवाल्या भावात ती हजाराला जाईल. मग हजारात जहीर परत घेता येईल, आणखीही बरंच काही. सकाळी त्यानं कार्ड दिलं, नोट घेतली आणि शाळेआधीच अण्णांच्या दुकानात आला.

तीन पाकिटं त्यानं बंटीच्या समोरच फाडली. पहिल्यात नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्याचा कागद त्यानं सावकाश काढला. त्यातही नव्हती. उरलेली दहाची नोट त्याच्या मुठीत चुरगळली होती. तो रडला नाही. त्यानं नवी कार्डं गल्ल्यावर ठेवली आणि विचारलं, "दादा, आणखी किती घेतल्यावर नक्की निघते?"

बंटीनं काहीतरी उत्तर दिलं. मुलगा शाळेत गेला.

अण्णा ओट्यावर होते. त्यांनी आत येऊन विचारलं, "खोक्यात किती पुड्या राहिल्यात?"

बंटी वहीत बघायचं सोंग करत राहिला. मग म्हणाला, "संपल्या."

"कधी?"

"परवा. ही शेवटची पेटी तशीच आहे, साधी. ती खपली की फ्लेक्स काढणारच होतो."

अण्णांचा आवाज चढला नाही. "मग त्या पोरानं आत्ता काय विकत घेतलं?"

"कार्डं."

"कार्डं तर तो इथंच ठेवून गेला. बघ, गल्ल्यावर आहेत. त्यानं आशा विकत घेतली, नव्वद रुपयांची. आणि ती आपल्या दुकानात नव्हती. बंटी, सत्तर वर्षं हे दुकान आहे. माप कमी पडलं असेल कधी, खराब वहीही गेली असेल, बदलून दिली. पण दुकानात नसलेला माल या घरातल्या कुणी विकला नव्हता."

बंटी खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "पण अण्णा, तुम्हीही वर देतच होता. लोक त्यासाठीच यायचे. माझं काय वेगळं झालं?"

अण्णा स्टुलावर बसले. "वेगळं एवढंच, की मी माप झाल्यावर देत होतो आणि तू मापाच्या आधी दाखवलंस. माझ्याकडून पोरगा वही घेऊन जायचा, गोळी मिळाली तर हसायचा, नाही मिळाली तरी वही घेऊन घरी जायचा. त्याचं काही बुडत नव्हतं. तू गोळी आधी दाखवलीस. आता त्याच्या हातातली वही त्याला रद्दी वाटते. शंभरातल्या दोघांना पुडी मिळाली, हे खरं. पण उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांचा माल तू बिघडवलास. कार्डं तीच आहेत, छपाई तीच आहे. पोरांनी ती पायरीवर फेकली, ती तुझ्या फ्लेक्समुळं."

त्या दिवशी दुपारी फ्लेक्स उतरला. त्या जागी बंटीनं स्वतःच्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून लावलं, की जुन्या पुड्या परवाच संपल्या आहेत. त्यानंतर ज्यांनी पाकिटं घेतली त्यांनी पैसे परत न्यावेत, कार्डं आणून द्यायची गरज नाही. बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी घेतली होती ते आले, ज्यांनी घेतली नव्हती असेही काही आले. बंटी कुरकुरला, "अण्णा, हा तर त्या दिवशी दुकानात आलाच नव्हता."

"असू दे. आपण बत्तीस पेट्या नशिबावर विकल्या. आता थोडं त्याच्याही नशिबाचं."

रसवंतीवाल्याचा मुलगा मात्र आला नाही. बंटीच नव्वद रुपये घेऊन रसवंतीवर गेला. मुलानं पैसे घेतले आणि विचारलं, "आणि माझा जहीर?" बंटीकडे उत्तर नव्हतं. नगरच्या माणसाचं नावगाव कुणालाच माहीत नव्हतं.

रामनवमीला शाळेला सुट्टी होती, गाव यात्रेत होतं. अण्णांनी सकाळी ओट्यावर सतरंजी अंथरायला सांगितली आणि आतून बुटांची अकरा खोकी काढली. झाडलेली, पुसलेली, संघवार लावलेली कार्डं. यात्रेला निघालेली पोरं थबकली.

"पैसे?" एकानं विचारलं.

"पैसे तुम्ही एकदा दिलेत. ज्याला जे कार्ड पाहिजे त्यानं ते न्यावं. अट एकच. त्या खेळाडूबद्दल एक गोष्ट सांगायची. येत नसेल तर दुसऱ्याला विचारून ये."

दुपारपर्यंत ओट्यावर बसायला जागा राहिली नाही. पोरं एकमेकांना विचारत होती, काही घरी पळत जाऊन बापाला विचारून येत होती. कंडक्टरची मुलगी चेतन शर्मा घेऊन आली होती. आणि शारजा आणि नागपूर या दोन्ही गोष्टी तिनं एकापाठोपाठ एक सांगितल्या.

रसवंतीवाल्याचा मुलगा मागं उभा होता. अण्णांनी त्याला पुढं बोलावलं आणि सातव्या खोक्यातून एक कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. जहीर खान. कोपरा दुमडलेला आणि चेहऱ्यावरून बुटाचा मळकट ठसा गेलेला. पुडी निघाली नाही म्हणून कुणीतरी पायरीवर फेकलेलं, जहीरच्याच गावात. ज्या कार्डाचे त्या पोराला शंभर मिळाले, तेच दुसऱ्या कुणी पायाखाली तुडवलं होतं.

"हे तुझं नाही," अण्णा म्हणाले. "तुझं कोरं होतं, ते गेलं. पण हे न्यायचं असेल तर अट माहीत आहे ना?"

मुलानं एक दम घेतला आणि 2000 साली नैरोबीत पहिली वनडे खेळल्यापासून ते 2011च्या विश्वचषकापर्यंत सगळं सांगून टाकलं. कुणी मध्ये बोललं नाही. कार्ड त्यानं शर्टाला पुसलं. ठसा गेला नाही. त्यानं तसंच खिशात घातलं.

जूनमध्ये शाळा उघडली. रसवंतीवाल्याचा मुलगा वह्या घ्यायला आला. बंटीनं वह्या मोजल्या, पैसे घेतले, सुटे परत केले. मुलगा पायरी उतरायला लागला तेव्हा बंटी म्हणाला, "थांब जरा," आणि स्वतःसाठी ठेवलेली शेवटची पुडी त्याच्या पिशवीत टाकली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रील निघालं नाही. मुलानं ती घरी फोडली, गम फेकला आणि दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन विचारायला आला, हा खेळाडू कोण? बंटीला ठाऊक नव्हतं. दोघं मिळून अण्णांकडे गेले.

पुढं त्या दुकानात कार्डांचा खप पहिल्यासारखाच झाला. थोडा जास्त नाही, थोडा कमी नाही. बंटीनं पुन्हा फ्लेक्स छापला तो फक्त वह्यांच्या भावाचा.

ही गोष्ट श्रीरामपूरच्या एका ओट्यावरची म्हणून सोडून द्यावी, अशी नाही. बंटीचा फ्लेक्स आज प्रत्येक घरात मोबाइलच्या पडद्यावर लागलेला आहे. खेळांच्या अ‍ॅपमध्ये पैसे घेऊन बंद पेट्या विकतात आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडतात. बेल्जियमनं 2018 साली असल्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्या पोरांसाठी कुणी ठरवायची वाट बघायला नको. पोरगं काही विकत मागायला आलं, तर त्याला एकच विचारावं: वरचं काही निघालं नाही, तरी तुला हे हवंय का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल पैसे द्यावेत. 'नाही' असेल तर तो माल घेत नाही, जुगार खेळतोय.

आणि विकणाऱ्यांसाठी अण्णांचं मापच पुरे. आधी माप पुरं भरावं, मग मनाला येईल तेवढी मूठ वर टाकावी. माप झाल्यावर पडते ती माया. मापाच्या आधी दाखवली जाते ती गळाला लावलेली कणीक.